सावडीच्या दिवशीचा ताप

सकाळपासून विठा चुलीपुढून हलायला तयार नव्हती.

तसं बघायला गेलं तर त्यात वावगं काही नव्हतं. सावडीचा दिवस होता. चार घरांची माणसं तिच्या नवऱ्याच्या, हिंदुरावच्या शेतात उतरणार, कापून पसरलेलं भात गोळा करणार, भारे बांधणार, खळ्यावर आणून टाकणार. आणि दुपार झाली की त्यांच्या पुढ्यात भात, वालाचं बिरडं आणि सुकटाची चटणी पडायलाच हवी. शिरगावच्या मागं आता शेतं उरलीत ती बोटावर मोजण्याएवढी. जिकडं बघाल तिकडं बिल्डिंगा. पण जी चार घरं अजून भात लावतात, ती मजूर लावत नाहीत. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, असं एकमेकांचं उरकून घेतात. आणि ज्याच्या शेतात काम, त्याच्या घरधनिणीनं स्वतःच्या हातानं वाढायचं, ही इथली रीत. सुनेनं वाढलं, लेकीनं वाढलं, तर जेवणारे जेवतात. पण घरी जाऊन बोलतात.

तेव्हा विठा चुलीपुढं बसली यात नवल नव्हतं. नवल होतं ते तिच्या अंगातल्या स्वेटरचं. दिवाळी तोंडावर आलेली, हवा अशी कोंदट की नुसतं उभं राहिलं तरी पाठीवरून घाम ओघळावा, आणि ही बाई मागच्या पडवीत पेटत्या चुलीला गुडघे लावून स्वेटर घालून बसलेली.

संजीवनी नारळ खवत होती. तिचा हात चालत होता, पण डोळे सासूवरून हटत नव्हते.

"आई, स्वेटर कशाला घातलाय?"

"धुरानं खोकला येतो म्हणून."

"स्वेटरनं धूर अडतो?"

"तू खोबरं खव," विठा म्हणाली. "उल्हासनगरच्या माणसांना प्रश्न लई."

संजीवनी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली. सिंध्यांच्या शेजारात वाढलेली, बापाची कपड्याची फेरी, त्यामुळं बोलताना मध्येच हिंदी यायचं. लग्न होऊन इथं आली तेव्हा विठानं पहिल्याच महिन्यात तिला "सिंध्याची पोर" म्हणायला सुरुवात केली होती. त्यात राग नव्हता. उलट विठाचं ज्याच्यावर मन बसायचं, त्याला ती नाव ठेवल्याशिवाय राहायची नाही. नवऱ्यालासुद्धा तिनं सोडलं नव्हतं.

पण गेले चार महिने घरातलं हसणं जरा बेतानंच चालायचं. विठाच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि लावणीच्या ऐन दिवसांत किमो सुरू झाला. घरात सगळे त्याला सुई म्हणत. सुईचा दिवस, सुई झाल्यावरचे वाईट दिवस, मग पुढच्या सुईआधीचे जरा बरे दिवस. अंबरनाथच्या हॉस्पिटलात न्यायचं काम संजीवनीवर आलं, कारण तिच्या नवऱ्याला, विनीतला एमआयडीसीतल्या कंपनीतून सुट्टी मिळत नव्हती आणि हिंदुराव हॉस्पिटलच्या वासानंच हिरवापिवळा पडायचा. संजीवनीनं पॅकिंगचं काम सोडलं आणि सासूच्या बाजूला खुर्ची टाकून बसायला लागली.

तिथली उमा सिस्टर तिला प्रत्येक वेळी तेच सांगायची. सुई झाल्यावर आठवड्याभरानं अंगातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा अंगात लढायला कुणी नसतं. त्या दिवसांत ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. तापाची गोळी द्यायची नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही. थर्मामीटर शंभरच्या वर गेला की निघायचं, आणि आल्या आल्या पहिलं सांगायचं की किमो चालू आहे. अँटिबायोटिक शिरेतून जायला पाहिजे, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. "घरात कुणाला पटणार नाही," सिस्टर म्हणाली होती, "तरी निघायचं."

आणि ते आठवड्याभरानंतरचे दिवस नेमके हेच होते.

संजीवनीनं नारळ बाजूला ठेवला, हात पुसले आणि आतून थर्मामीटर आणला.

"आ करा."

"आत्ता? भाताला उकळी आलीय."

"आ करा म्हणते ना."

विठा उठली. "थांब, घसा सुकलाय," असं म्हणत माठापाशी गेली, तांब्याभर पाणी प्याली, शेवटचा घोट तोंडात नुसता धरून ठेवला आणि मग गिळला. मग येऊन आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. थर्मामीटर पीं पीं वाजला. सत्त्याण्णव.

"झालं समाधान?" विठा म्हणाली.

नाही झालं. संजीवनीला काहीतरी टोचत राहिलं, पण काय ते हाताला लागेना. ती परत खोबऱ्याला बसली, उठली, कोथिंबीर निवडली, अर्धी निवडून पुन्हा पडवीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. चंदेरीच्या डोंगरावर काळं भरून येत होतं. वारा पडला होता. परतीचा पाऊस आणि कापून पडलेलं भात, याहून वाईट गाठ शेतकऱ्याच्या घरात दुसरी नाही. खाली शेतात माणसं वाकून भराभर हात चालवत होती. हिंदुरावचा आवाज इथवर येत होता; तो कुणावर ओरडत नव्हता, नुसता घाबरला होता आणि घाबरला की तो मोठ्यानं बोलायचा.

"आज नाय झालं तर गेलं समजा," विठा मागून म्हणाली. "लावणीला लोकांनी आपलं सगळं शेत लावून दिलं. आपल्याकडून कोण गेलं त्यांच्याकडं? मी खाटेवर, तू माझ्याजवळ. लावणी बायांची, आणि सखूच्या शेतात आपल्या घरच्या एका बाईचा हात लागला नाय. तरी आज बघ, सखू सगळ्यात आधी आली. एवढी सावड अंगावर घेऊन मी झोपून राहू?"

"कोण म्हणतंय झोपा? बरं वाटत नसेल तर सांगा एवढंच."

"मला काय धाड भरलीय?" विठा म्हणाली आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

दुपारी जेवणं शेताच्या कडेला, जांभळीखाली मांडली. संजीवनीनं टोप डोक्यावरून नेले, विनीतनं पाण्याची कळशी आणली. विठा मागून आली. डोक्याला काळा स्कार्फ, त्यावर पदर, त्यावर पुन्हा टॉवेल. केस गेल्यापासून ती घरातसुद्धा डोकं उघडं ठेवत नव्हती, नवऱ्यापुढंही नाही. चालताना तिनं दोनदा बांधावर हात टेकला. बाकीच्यांना वाटलं चिखल चुकवतेय.

पत्रावळी पडल्या. विठा पळी घेऊन वाढायला लागली. पहिल्या दोन पानांना ठीक वाढलं. तिसऱ्या पानावर पळी थरथरली आणि बिरडं सखूच्या गुडघ्यावर सांडलं.

"अगो, हात कापतोय तुझा," सखू म्हणाली. सखू विठापेक्षा वयानं मोठी, चार घरांतली सगळ्यांत जुनी बाई. तिनं विठाचं मनगट धरलं आणि सोडलं. "तापलीयस की गो."

"चुलीपुढून आलेय," विठा म्हणाली.

"तापली तर तापली," सखू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चांगलंच ते. पोरांना डागदर सुई टोचतो तेव्हा नाय का ताप येत? ताप आला म्हंजे सुई लागली. नाय आला तर समजायचं पाणी भरलं होतं. उतरंल आपसूक."

माणसांनी माना डोलावल्या. हिंदुरावनंही डोलावली. आता यात कुणाची चूक म्हणायची? प्रत्येकाच्या घरात पोरं झाली, प्रत्येक पोराला दंडावर लस टोचली, प्रत्येक पोर रात्रभर तापलं आणि सकाळी खेळायला लागलं. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. हिंदुरावच्या चेहऱ्यावर तर गेल्या कित्येक दिवसांत नव्हतं तेवढं हायसं वाटलेलं दिसलं.

संजीवनी मात्र सासूकडं बघत होती. सकाळचं ते पाणी तिच्या डोळ्यांपुढं आलं, तोंडात धरून ठेवलेला तो शेवटचा घोट, आणि सगळं एकदम उमगलं: माठाच्या गार पाण्यानं आईंनी थर्मामीटरला फसवलं होतं. तिनं सासूच्या हातातली पळी काढून घेतली, विनीतच्या हातात दिली आणि विठाला दंडाला धरून बांधापलीकडं नेलं. थर्मामीटर तिच्या ब्लाऊजमध्येच होता. या वेळी तिनं तोंडात घातला नाही, काखेत घातला आणि वरून स्वतःच्या हातानं दंड दाबून धरला. विठानं हात सोडवायचा प्रयत्न केला, पण तिच्यात जोर नव्हता.

एकशे एकच्या वर.

"कधीपासून?" संजीवनी म्हणाली.

विठा पदर सारखा करायला लागली.

"आई, कधीपासून?"

"काल दुपारपासून कणकण हाय. विनीतच्या डोकेदुखीच्या गोळ्या होत्या ना, त्या घेतल्या. घेतली की उतरतो, मग परत चढतो." मग तिनं संजीवनीचं बोट पकडलं. "आजचा दिवस जाऊ दे. भारे खळ्यावर पडू दे. संध्याकाळी तू म्हणशील तिकडं येते. आत्ता सांगशील तर बघ. लोकं जेवायला बसलीत."

हात भट्टीसारखा तापलेला होता, आणि बोटांची टोकं मात्र गार. त्या गारपणानंच संजीवनी जास्त घाबरली.

ती तशीच जांभळीखाली गेली. माणसं जेवत होती. सून चारचौघांत सासऱ्यापुढं उभी राहून बोलते हे या घरात कधी झालं नव्हतं. तरी बोलली.

"बाबा, आईंना ताप आहे. कालपासून गोळ्या घेऊन लपवतायत. आत्ता हॉस्पिटलला न्यायला पाहिजे."

हिंदुरावनं घास खाली ठेवला. त्यानं आधी आभाळाकडं बघितलं, मग शेताकडं, मग जेवणाऱ्या माणसांकडं. सुनेकडं सगळ्यांत शेवटी.

"सखूताई काय म्हणाली ऐकलंस ना?"

"ऐकलं. ही तसली सुई नाही, बाबा. सिस्टरनं सांगितलंय, ताप आला की तडक निघायचं."

"नेऊ की. नाय कुठं म्हणतो मी?" हिंदुराव म्हणाला. "निम्मं भात खाली पडलंय. लोकं आपलं सोडून आलीत. मालक उठून गेला तर त्यांनी काय करायचं? सांजच्याला नेऊ. गोळी घेतलीय तर उतरंल तोवर."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही."

"तू डॉक्टर हायस?" हे हिंदुरावनं मोठ्यानं विचारलं. घाबरला होता म्हणून मोठ्यानं, पण ते तिथल्या कुणाला कळणार? जेवणाऱ्यांचे हात थांबले. कुणीतरी खाकरलं. सखू पत्रावळीकडं बघत राहिली.

संजीवनीनं नवऱ्याकडं बघितलं. विनीतच्या हातात पळी तशीच. तो बापाकडं बघत होता, आईकडं बघत होता, ढगांकडं बघत होता. "दोन तास, संजू," तो हळूच म्हणाला. "दोन तासांत उरकतं. मग मी बाईक काढतो."

तिला त्याचा भयंकर राग आला. इतका की क्षणभर आईंचा तापसुद्धा विसरायला झाला. आजच्या सुट्टीसाठी कंपनीत सुपरवायझरशी भांडून आलेला हा माणूस, बापापुढं पळी घेऊन उभा. बोलण्यात वेळ गेला असता. ती वळली, बांधावर आली, सासूचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि चालायला लागली.

"कुठं निघालीस?" मागून हिंदुरावनं हाक मारली.

ती थांबली नाही. थांबली असती तर परत गेली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट सरळ होती, पण त्या दिवशी संपता संपेना. विठा आधी शिव्या देत होती. सिंध्याची पोर, घराण्याची अब्रू घालवली, सावडीच्या माणसांना उपाशी उठवलंस. मग शिव्या तुटक झाल्या. मग नुसता श्वास ऐकू यायला लागला आणि संजीवनीला वाटलं, देवा, शिव्याच बऱ्या होत्या.

नव्या टॉवरच्या गेटसमोर रिक्षा मिळाली. रिक्षावाला म्हणाला, अंबरनाथ नाही जाणार, स्टेशनपर्यंत सोडतो. संजीवनीनं विठाला आत ढकललं, स्वतः बसली आणि सांगितलं, "भाऊ, माणूस सिरीयस आहे. तू नाही नेलंस तर इथं दुसरं कोण आहे?" त्यानं आरशातून विठाकडं एकदा बघितलं आणि मीटर पाडला. कुळगावच्या नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. दिवाळीच्या कंदिलांचे स्टॉल रस्त्यावर आलेले, हॉर्न, धूळ. रिक्षा जागच्या जागी गुरगुरत होती आणि संजीवनीचे पाय आपोआप रिक्षाच्या पत्र्यावर दाबले जात होते, जणू तीच ढकलणार होती.

"संजे," विठा म्हणाली.

"काय?"

"थंडी वाजतेय गो."

संजीवनीनं आपला पदर तिच्याभोवती गुंडाळला आणि तिला कुशीत ओढून धरलं. सासूला एवढं जवळ तिनं कधी घेतलं नव्हतं. विठा हाडापेरानं मजबूत बाई होती, भाताचा भारा एकटी उचलायची. आता मिठीत काही भरतच नव्हतं.

हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा कॅज्युअल्टीच्या दाराशी ही गर्दी. कुठल्याशा कंपनीत काही पेटलं होतं आणि भाजलेली माणसं एकामागोमाग आत नेत होते. दाराजवळच्या टेबलावर एक मुलगा बसला होता. संजीवनीनं पहिलंच वाक्य सांगितलं, किमो चालू आहे आणि ताप आहे. त्यानं विठाच्या कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरली, आकडा बघितला.

"नव्व्याण्णव. ताप नाहीये."

"गोळी घेतलीय. मघाशी एकशे एक होता."

"मॅडम, मशीन दाखवतं ते मी लिहिणार. बसा तिकडे. डॉक्टर आत बिझी आहेत, बघताय ना?"

ते खोटं नव्हतं. आतून ओरडणं ऐकू येत होतं. बाकावर हात मोडलेला एक म्हातारा बसला होता, एक बाई पोर घेऊन बसली होती, सगळ्यांचीच निकड होती. संजीवनी बसली. विठाचं डोकं तिच्या खांद्यावर घरंगळलं. ती उठली, परत टेबलापाशी गेली. मुलगा फोनवर होता. दारातल्या वॉचमननं आडवा हात केला.

"भैया, किमो चल रहा है इनका. अर्जंट है."

"सबका अर्जंट है, दीदी. लाइन से."

ती परत येऊन बसली. तिनं विनीतला फोन लावला, वाजून बंद झाला. उमा सिस्टरची सकाळची ड्युटी संपून गेलेली. तिनं विठाचं नख दाबून बघितलं, पांढरं झालेलं परत लाल व्हायला फार वेळ घेत होतं. विठाच्या ओठांचा रंग उतरला होता. "आई," तिनं हाक मारली. विठानं डोळे उघडले आणि म्हणाली, "भारे किती झाले?"

तिला वाटलं ती शेतात आहे.

तेव्हा संजीवनी उठली. तिनं विठाला बाकावरून उचललीच म्हणा ना, अर्धी खांद्यावर, अर्धी ओढत, दाराशी आणली. वॉचमननं पुन्हा हात आडवा केला. आतला पडदा बाजूला झाला होता आणि एक तरुण डॉक्टरीण, हातात मोजे, कपाळावर घाम, कुणाला तरी काही सांगत होती. तिची नजर दाराकडं वळली, पण तिला काय दिसणार? पदर घेतलेली, टॉवेल गुंडाळलेली एक खेडवळ म्हातारी. असल्या म्हाताऱ्या त्या दारात रोज शंभर येतात.

संजीवनीनं हात वर केला. टॉवेल काढला, पदर मागं सारला, काळ्या स्कार्फची गाठ सोडली आणि तो डोक्यावरून ओढून काढला.

विठाचा हात अर्ध्यापर्यंत वर आला. तो डोक्यापर्यंत पोचला नाही. जावळ काढलेल्या पोरासारखं ते उघडं डोकं, मध्ये तुरळक पांढरे केस, सगळ्या बाकांसमोर, वॉचमनसमोर, हात मोडलेल्या म्हाताऱ्यासमोर. केस गेल्यापासून जे तिनं नवऱ्याला दाखवलं नव्हतं ते. विठाच्या डोळ्यांतून पाणी आलं. संजीवनीला शरमेनं मेल्यासारखं झालं, पण तिनं स्कार्फ मुठीत घट्ट धरून ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं.

"किमो चालू आहे. कालपासून ताप आहे, गोळीनं दाबलाय. हात गार पडलेत."

डॉक्टरीण दोन पावलांत दारात आली. "किमो? शेवटचा कधी?"

"आठवडा होऊन गेला."

"आत घ्या. सिस्टर, बेड द्या, प्रेशर बघा. ब्लड कल्चर काढा आणि अँटिबायोटिक लगेच चालू करा, रिपोर्टची वाट बघू नका."

वॉचमनचा हात खाली गेला. टेबलावरचा मुलगा स्वतः उठून चाकाची खुर्ची घेऊन आला.

पुढचं सगळं भराभर झालं आणि तरी संजीवनीला हळू वाटत राहिलं. विठाच्या शिरा सुयांनी कडक झालेल्या. सिस्टरनं एकीकडं टोचलं, दुसरीकडं टोचलं, तिसऱ्या वेळी मनगटाजवळ लागली. रक्त बाटल्यांत गेलं. मग छोट्या बाटलीतलं औषध नळीतून उतरायला लागलं, बाजूला सलाईन जोरात सोडलं. थेंब पडायला लागले तेव्हा संजीवनीनं पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

विठा काहीतरी पुटपुटली. संजीवनीनं कान जवळ नेला.

"झाक," विठा म्हणाली.

तिनं स्कार्फ बांधला, गाठ मारली, वर पदर नीट केला. विठानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि नंतर तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

"प्रेशर खूप खाली गेलं होतं," डॉक्टरीण नंतर येऊन म्हणाली. ती दमलेली होती आणि गोड बोलायच्या भानगडीत पडली नाही. "संध्याकाळपर्यंत घरी ठेवलं असतं तर आम्हालाही काही करता आलं नसतं. आता औषध गेलंय. पण उशीर झालाच आहे, त्यामुळे लगेच काही सांगणार नाही. आयसीयूत हलवतोय."

बाहेर तोवर पाऊस कोसळायला लागला होता.

हिंदुराव आला तो अंधार पडायच्या आत, निथळत. विनीत मागं. दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, त्यामुळं वॉचमननं त्यांना पायरीवरच अडवलं आणि नळावर पाय धुवायला लावले. विनीतनं बायकोकडं बघायचं टाळलं. हिंदुराव काचेतून आत बघत उभा राहिला. आतल्या नळ्या, आतला पडदा, त्यात विठा कुठली तेही त्याला आधी कळेना. संजीवनीनं बोट करून दाखवलं.

"भात?" तिनं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"निम्मं झाकलं. निम्मं भिजलं," हिंदुराव म्हणाला. "सखू अजून तिथंच हाय, ताडपत्री धरून."

ती रात्र आणि पुढचा अख्खा दिवस तिघं त्या बाकावर आलटून पालटून बसले. ताप चढायचा, उतरायचा. प्रेशर वाढवायचं औषध चालू झालं. दर वेळी दार उघडलं की तिघंही उभे राहायचे आणि दार दुसऱ्याच कुणासाठी उघडलेलं असायचं. विनीत चहा आणायचा आणि चहा गार व्हायचा. संजीवनीचं मन कुठंच ठरत नव्हतं. आई गेल्या तर सगळे म्हणतील ओढत नेली म्हणून गेल्या; राहिल्या तर म्हणतील साधा ताप होता. आणि गेल्या तर शेवटचं काय राहील? ते उघडं डोकं. दारात, परक्या माणसांसमोर. तिनं स्वतःच्या हातानं केलेलं.

त्याच्या पुढच्या सकाळी ताप उतरला आणि उतरलेलाच राहिला. प्रेशरचं औषध बंद केलं. डॉक्टरीण आली आणि म्हणाली, आता वॉर्डात हलवू, पण औषध अजून काही दिवस चालेल आणि पेशी वाढेपर्यंत घरी सोडणार नाही. विठानं सिस्टरकडं चहा मागितला आणि तो फुळकवणी आहे म्हणून नाव ठेवलं. हे ऐकून विनीत बाहेर जाऊन रडला. वॉर्डात आणल्यावर ती नवऱ्याशी बोलली, लेकाशी बोलली, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं माहेर कुठलं तेही विचारून झालं. संजीवनीकडं मात्र तिनं बघितलं नाही. मग तिला डोळा लागला.

हिंदुराव खिडकीचे गज धरून उभा होता. संजीवनी खाटेच्या पायथ्याशी.

"संजीवनी," तो म्हणाला. एरवी तो तिला नावानं हाक मारायचा नाही. "डॉक्टरबाई म्हणाली, उशीर झाला होता."

"हो."

"मी तवाच उठून निघालो असतो. विनीतनं बाईक काढली असती. रिक्षा, ती गर्दी, दारातलं ते थांबणं... मी पुरुषमाणूस संग असतो तर आत लवकर घेतलं असतं. तर हिला एवढं झालं नसतं का?"

संजीवनीला कळत होतं त्याला काय ऐकायचंय. नाही बाबा, तुमचा काय दोष, असं म्हणायला काही लागत नव्हतं. म्हातारा दोन दिवसांत वाळून गेला होता, जेवला नव्हता. तिच्या ओठांवर ते आलंसुद्धा. पण अजून सुया बाकी होत्या.

"हो बाबा," ती म्हणाली. "नसतं झालं."

त्यानं मान हलवली. ती मान हलवणं बघून तिला वाटलं, नको बोलायला हवं होतं. पण तो रागावला नव्हता. गजांवरचे हात काढून त्यानं ते धोतराला पुसले.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला असं झालं तर मला विचारायला येऊ नको. मी नाय म्हणालो तरी—"

"तुम्ही नाय म्हणालात म्हणून ती थांबते होय?"

दोघांनी वळून बघितलं. विठाचे डोळे मिटलेलेच होते.

"भरल्या पानावरून लोकांसमोर उठवून नेणारी बाई ती. चारशे माणसांत सासूचं डोकं बोडकं करणारी," विठा म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द सगळे नीट होते. "तुमच्या परवानगीला बसली असती तर आज तुम्ही माझं बारावं-तेरावं करायला चुलीपुढं बसला असतात. जा, काहीतरी खाऊन या. आणि हिला पण न्या. सिंध्याची पोर तोंड बघा केवढंसं करून उभी हाय."

संजीवनीला तेव्हा रडू फुटलं. शेतात, रिक्षात, दारात, कुठंच आलं नव्हतं, ते सगळं आत्ता आलं. सासऱ्यासमोर, शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर, ती मोठमोठ्यानं रडली आणि हिंदुराव काय करावं ते न सुचून तिच्या शेजारी नुसता उभा राहिला.